वास आला की घंटा

प्रिय सेकार,

तू फोन बंद ठेवला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. तीन आठवड्यांत पाठवलेला माझा एकही मेसेज तू उघडलेला नाहीस, आणि त्याचा मला राग नाही; आमच्याकडे आता सगळ्यांना हेच शिकवताहेत, की ओळखीच्या नावाने आला म्हणून मेसेज लगेच उघडायचा नसतो. हे पत्र लॉरीवाल्या चाक सलेहच्या हाती देते आहे. मुंचारच्या समुद्रात या पंधरवड्यात तारली मिळेनाशी झाली आहे, तेव्हा त्याची लॉरी तुमच्या प्रिगी बंदरावर मासळी भरायला निघाली आहे. "बू, पत्र बर्फात ठेवू की बाहेर?" असं त्याने मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. मी म्हटलं, खिशात ठेव, आणि वाटेत कॉफीला उतरलास तर खिशासकट उतर. तुझ्या आईचं घर त्याला माहीत आहे. तुला काही विचारायचं नाही, पत्र द्यायचं आणि गप्प उभं राहायचं, असं बजावलं आहे. तो गप्प राहील याची खात्री मात्र मी देत नाही.

शनिवारची दुपार आहे. युनियनच्या खोलीत बसले आहे, जिथली अर्धी पुस्तकं तू वाचून संपवलीस आणि उरलेल्या अर्ध्यांना "बू, यात नुसतीच भाषणं आहेत" म्हणून नावं ठेवलीस. सोमवारी सकाळी सातच्या हजेरीला आपले मालक पाक तेगुह तुझ्या चौकशीचा निकाल अंगणात वाचून दाखवणार आहेत. तुझा राजीनामा त्यांनी अजून घेतलेला नाही. तो घेतला तर तू आपणहून गेलीस असं होईल, आणि त्यांना कागदावर "निष्काळजीपणामुळे कामावरून काढले" असं लिहायचं आहे. तो शिक्का बसला की या किनाऱ्यावर डबाबंद मासळीचे जेवढे कारखाने आहेत, त्यांतल्या एकाचंही दार तुला उघडणार नाही. तुझं वय एकतीस. तुझी अजून तीस वर्षांची नोकरी त्या एका ओळीत अडकली आहे. म्हणून तुला हे पत्र रविवारी मिळायला हवं, सोमवारनंतर नाही.

आधी बातम्या सांगते, कारण तू विचारणार नाहीस, पण तुला हव्या असतील. कारखाना पुन्हा सुरू झाला आहे. वाफेच्या टाक्या पूर्वीसारख्या गुरगुरतात, कँटीनचा मिरचीचा सांबाल पूर्वीसारखाच डोळ्यांतून पाणी काढतो. तुझ्या टेबलावर अजून कोणाला बसवलेलं नाही. मी कामासाठीसुद्धा त्या खोलीत जात नाही. शीतगृहाचे आकडे हवे असले की दारातून हाक मारते. आपली मांजर मात्र तुझ्या खुर्चीवर झोपते आणि कोणी उठवलं तर फिस्कारते. आपल्या जुन्या म्बोक पाइनीचं नाव सध्या सगळ्या मुंचारमध्ये झालं आहे. झालं असं, की चोरांनी आपले कॉम्प्युटर बंद करण्याआधी आत जे होतं ते सगळं उचलून नेलं होतं, आणि मग बायकांना फोन यायला लागले. कारखान्यातून बोलतोय, तुमच्या पगाराचं खातं अडकलंय, फोनवर एक आकडा येईल तो सांगा. पाइनीला फोन आला तेव्हा त्या माणसाने तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा घेतलं. "पाक सरीपशी आमचं बोलणं झालंय," म्हणाला. पाइनी म्हणाली, "चार वर्षं झाली त्याला पुरून. तुला भेटला असेल तर विचार, सायकलची किल्ली कुठे ठेवलीय." आपल्या दप्तरात तो बिचारा अजून जिवंत होता ना.

सगळे खूप हसले. मीही हसले. पण पॅकिंगच्या टेबलावरची ती लहानखुरी सुलिस आठवते तुला? तिचा नवरा जिवंत आहे, तिला सगळं खरं वाटलं, आणि तिने तो आकडा सांगितला. बाळंतपणासाठी ठेवलेलं सगळं गेलं. युनियनने आणि पाक तेगुहांनी मिळून तिची भरपाई केली, तेव्हा त्याची काळजी करू नकोस. पण त्या दिवसापासून माझं हसणं थांबलं आहे.

इतकी वर्षं पाक तेगुह आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील एकच गोष्ट सांगत आले. आपण मासे विकतो, आपल्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय? आणि मी, जी त्यांच्या प्रत्येक वाक्याला विरोध करते, या एका वाक्याला मान डोलावत आले. मलाही वाटायचं, ते मालकाचं यंत्र आहे, बिघडलं तर मालकाचं बिघडेल. कॉम्प्युटर दुरुस्त करायला सुरबायाहून आलेली ती मुलगी, फेलिसिया, जिला आता सगळे ताई म्हणावं तसं 'ची फेली' म्हणतात, तिने पहिल्याच दिवशी माशाच्या उलट्या टोपलीवर बसून याचं उत्तर दिलं. "पाक, तुमच्याकडे सहाशे माणसं आहेत," म्हणाली. "त्यांची नावं, घरं, खाती, मुलांच्या शाळा, कोण कधी बाळंत होणार, सगळं या डब्यात आहे. चोराला तारली नको असते." सेकार, मी तीस वर्षं या कारखान्यात मजुरांच्या हक्कांवर बोलते आहे. सुरी, हातमोजे, बूट, पाण्याची सुट्टी, यांतल्या प्रत्येकासाठी फाटकावर उभी राहिले. आणि आमच्या सहाशे जणींचं सगळं आयुष्य एका उघड्या कपाटात ठेवलेलं होतं, हे मला एका टोपलीवर बसलेल्या पोरीने सांगावं लागलं. कुलूप मालकाचं असेल, पण आतलं सामान आमचं होतं.

तू मात्र हे आधीच ओळखलं होतंस. नऊ वर्षांपूर्वी तू कापणीच्या टेबलावर पहिल्यांदा उभी राहिलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. तासाभरात हात खाऱ्या पाण्याने फाटले, तू रडायला लागलीस, आणि मी तुझ्या कानात एक वाक्य म्हटलं, तशी तू रडता रडता हसलीस. ते वाक्य मी इथे लिहीत नाही, कारण त्याचं काम पुढे आहे. दोन वर्षांनी मीच तुला ओढून शीतगृहाच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसवलं. तू तिथे बसून सहा महिने झाले असतील, तेव्हा एक दिवस कँटीनमध्ये हळूच म्हणालीस, "बू, या कॉम्प्युटरचा पासवर्ड मी बदलते आणि माझ्यापाशीच ठेवते. ज्याला काम असेल त्याने मला सांगावं." आणि मी सगळ्यांदेखत काय म्हटलं? "काय गं, मोटरसायकल एकमेकींची चालते, छत्री चालते, पोरांचे कपडे चालतात, आणि तुझी चार अक्षरं तेवढी सोन्याची?" सगळं टेबल हसलं. आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण चिकट म्हणवून घेणार नाही. दुसऱ्या दिवशी तू निमूटपणे पासवर्ड दारामागच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलास. त्या दिवसापासून तुझ्या नावाने कोणीही आत जाऊ शकत होतं. ते दार मी उघडं ठेवायला लावलं.

त्या सोमवारचं तुला सांगायला नको, तू तिथे होतीस. पण तू गेल्यावर लोक त्याची गोष्ट कशी सांगतात ते ऐक. कॉम्प्युटरचे सगळे पडदे लाल झाले, मालकाकडे खंडणी मागणारा मजकूर आला, शीतगृहाचे आकडे गेले, कुठली खेप किती वेळ आणि किती वाफेवर शिजली त्याच्या नोंदी गेल्या. धक्क्यावर अडतीस टन तारली पडलेली. मासे शिजवता येत होते, पण शिजल्याचा पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय एक डबा फाटकाबाहेर जात नाही. पाक तेगुह डोकं धरून पायरीवर बसले होते. तेव्हा पाइनी म्हणाली, "पाक, कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही काय कच्चे मासे विकत होतो?" आणि भिंतीवर खडूने रेघा मारायला लागली. दर अर्ध्या तासाला एक बाई हातात तापमापक घेऊन शीतगृहात, एक टाकीपाशी, एक फळ्यापाशी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एक टोपली वाया गेली नाही. मी ती पाळी लावून दिली, म्हणून लोक माझं नाव घेतात. पण नवी खेप खडूने वाचली. आधीच्या चार महिन्यांचा माल गोदामात पडून होता, त्याच्या नोंदींचं काय? तो माल कोणी वाचवला, ते लोकांना आता आता कळलं आहे.

दर शुक्रवारी काम संपलं की तू सगळ्या नोंदी त्या काळ्या डबीत उतरवून घ्यायचीस, तार काढून टाकायचीस आणि डबी तुझ्या नमाजाच्या पांढऱ्या झग्याच्या घडीत ठेवायचीस. आम्ही तुला हसायचो. "सेकार कॉम्प्युटरला पण दुपट्यात गुंडाळते," असं मीच म्हटलं होतं. गाव सोडण्याआधी तू ती डबी चाक सलेहच्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "ही फेलिसियाला द्या, नवी जोडणी झाल्याशिवाय लावू नका म्हणावं." ची फेलीने ती आधी तपासली, मग लावली, आणि चार महिन्यांच्या नोंदी जशाच्या तशा परत आल्या. गेल्या फक्त शुक्रवारनंतरच्या नोंदी, त्यांतला सोमवार फळ्यावरून भरून निघाला. खंडणी द्यावी लागली नाही. ची फेली पाक तेगुहांना म्हणाली, "जिला तुम्ही काढायला निघालात, तिने तुमचा कारखाना कपड्यात गुंडाळून ठेवला होता." पाक तेगुहांनी चौकशीचा कागद पुढे केला. त्यावर होतं: लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली गेली ती शीतगृहाच्या खोलीत, सेकारच्या नावाने, गुरुवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी.

चौकशीत तुला विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "कॉम्प्युटर माझ्या नावावर आहे." हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. मी तुझ्या शेजारी युनियनची प्रतिनिधी म्हणून बसले होते. आणि मग मी बोलायला उभी राहिले. तुला ते भाषण आठवत असेल. दहा वर्षं जुनी यंत्रं कोणी ठेवली? एक दिवसाचं तरी शिक्षण कोणी दिलं? लग्नसराईच्या महिन्यात रोज दहा पत्रिका फोनवर येतात, त्यांतली कुठली खरी, हे बाईने कशावरून ओळखायचं? ज्या गावात आमंत्रण येऊन गेलं नाही तर दोन पिढ्या बोलणं टाकतात, तिथे पत्रिका न उघडणं शक्य आहे का? बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, सेकार, आणि ते सगळं भाषण खोटं होतं. तू खाली मान घालून बसली होतीस. एकदाच वर बघितलंस, माझ्याकडे. मी पाण्याचा पेला उचलला.

मागच्या मंगळवारी ची फेलीने कँटीनमध्ये सगळ्यांना शिकवलं, कामाच्या वेळात, पगारी. ते मी भांडून मिळवलं. तिने सुरुवातीलाच विचारलं, "तुमच्यापैकी किती जणींनी नको ती फाइल एकदा तरी उघडलीय?" सहाशेंपैकी एक हात वर नाही. ती म्हणाली, "बरं. माझ्या हाताने घडलंय, दोनदा," आणि स्वतःचा हात वर केला. बायका चमकून एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ती म्हणाली, "गुरुवारी उघडलेली फाइल सोमवारपर्यंत तुमच्या एकेका खोलीत फिरत होती. गुरुवारी संध्याकाळी कोणी नुसतं सांगितलं असतं, तरी एक तार उपटून काम संपलं असतं. उघडण्याने कारखाना बुडत नाही. लपवण्याने बुडतो. आणि जिथे चूक सांगितली की नोकरी जाते, तिथे माणसं लपवणारच." हे ती पाक तेगुहांकडे बघून म्हणाली. मी माझ्या ताटाकडे बघत होते.

तुला ती अंगणातली घंटा माहीत आहे. तिची गोष्ट मी तुला दहा वेळा सांगितली असेल, पण आज मला ती पुन्हा सांगू दे. तू येण्याच्या पाच वर्षं आधी शीतगृहातला अमोनिया वायू सुटला. पाइप जोडणाऱ्या माणसाच्या हातून एक व्हॉल्व्ह सैल राहिला होता. त्याला वास आला होता. पण सांगितलं तर आपलंच नाव येईल, म्हणून तो गप्प बसला, उद्या गुपचूप आवळून टाकू म्हणाला. दुपारी दोन बायका आत होत्या. दोघी जगल्या, पण अजून जिना चढताना थांबतात. तेव्हा मी अकरा दिवस फाटकावर बसले आणि जुन्या मालकाकडून एक ओळ लिहून घेतली: वास आला की घंटा वाजवायची, आणि घंटा वाजवणाऱ्याला कोणाचा हात लागला होता ते विचारायचं नाही. जुने मालक म्हणाले होते, "मग काय, कोणीही काहीही सैल सोडेल आणि घंटा वाजवून मोकळं होईल." चौदा वर्षांत घंटा नऊ वेळा वाजली. एकही माणूस जखमी झाला नाही.

तीच ओळ या नव्या वासासाठी लिहून द्या, असं मी गेल्या आठवड्यात ची फेलीसमोर पाक तेगुहांना म्हटलं. प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड, ते त्यांनी मान्य केलं. दर तीन महिन्यांनी शिक्षण, मान्य. पण जो चूक सांगेल त्याला शिक्षा नाही, यावर अडले. अगदी वडिलांसारखे म्हणाले, "बू रुक, तुमच्या सहाशे जणींत एक तरी अशी दाखवा, जी आपणहून पुढे येऊन सांगेल. ती आली, की मी सही करतो. येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे." मी इतकी वर्षं त्यांना उत्तरं देते आहे. त्या दिवशीही उत्तर माझ्यापाशी होतं. मी कागद गोळा केले आणि कामावर परत गेले.

त्या गुरुवारी मला ओव्हरटाइमची यादी हवी होती. तू तापमापक घेऊन आत गेली होतीस. मी तुझ्या खुर्चीवर बसले, कॅलेंडरवर बघून पासवर्ड टाकला, आणि यादी शोधत असताना कारखान्याच्या नंबरावर मेसेज आला. आपली जुनी हार्तातिक, जी जेंबेरला राहायला गेली. "माझ्या एकुलत्या मुलीचं लग्न. पत्रिका सोबत आहे. आला नाहीत तर मनाला लागेल." ती पोरगी सात वर्षं एकेका स्थळाला नाकं मुरडते आहे, तिला शेवटी पसंत पडला कोण, हे बघायचा मोह मला आवरला नाही. उघडली. पडद्यावर काहीतरी विचारलं, चालेल का म्हणून, आणि मी न वाचता हो म्हटलं. मी, जी सहाशे बायकांना सांगते की वाचल्याशिवाय कुठे अंगठा ठेवू नका. पडदा एकदा लुकलुकला आणि पत्रिका काही दिसली नाही. दारात तू भेटलीस. "काय बू, आज माझ्या खुर्चीवर?" "तुझी खुर्ची मऊ आहे," मी म्हटलं. म्हणजे तुला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. चौकशीच्या खोलीत तू वर बघितलंस, ते म्हणूनच. आणि तरी तू माझं नाव घेतलं नाहीस, कारण मी बू रुक आहे, कारण आपल्याकडे मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावत नाहीत. हा मान मी कमावला असं मला वाटायचं. तो मी तुझ्याकडून फुकट घेतला.

इथेही थांबता आलं असतं. त्या संध्याकाळी मी हार्तातिकला फोन केला, तांदूळ आणू की साखर, ते विचारायला. ती म्हणाली, "कसलं लग्न, बू? माझ्या फोनवरचं मेसेजचं खातं कोणीतरी ताब्यात घेतलंय, सकाळपासून लोक माझं अभिनंदन करताहेत. नवरदेव कुठे आहे ते तुम्हीच सांगा, मी पोरीला बांधून पाठवते." आम्ही दोघी हसलो. फोन ठेवला, आणि मला वास आला. अगदी स्पष्ट आला, सेकार. मला कळलं की मी काहीतरी आत सोडलं आहे. एक फोन करायचा होता, तुला किंवा पाक तेगुहांना. पण उद्या कँटीनमध्ये बायका हसतील, बू रुक पत्रिकेला भुलली म्हणतील, या भीतीने मी हात मागे घेतला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. काही झालं नाही म्हणून मी देवाचे आभारही मानले. ज्या पाइपवाल्याच्या नावाने मी चौदा वर्षं भाषणं करते आहे, त्याच्यात आणि माझ्यात त्या चार दिवसांत काहीच फरक नव्हता. त्याला पोटाची भीती होती. मला फक्त हसं होण्याची. पाइनीला आलेले फोन, सुलिसचे रडून सुजलेले डोळे, गाव सोडताना बसस्थानकावर दिसलेली तुझी पाठ, हे सगळं त्या एका हशाला घाबरून झालं.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची तर तुझ्या दारात येऊन मागेन. हे लिहिलं ते यासाठी, की सोमवारी सकाळी सात वाजता, पाक तेगुह तो कागद वाचायला उभे राहण्याआधी, मी अंगणातली ती घंटा वाजवणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की फाइल मी उघडली आणि चार दिवस मी लपवली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ती राहतील की जातील, ते पाक तेगुह ठरवतील. पण त्यांना एक बाई हवी होती, ती त्यांना मिळेल, आणि सही त्यांना करावीच लागेल, कारण त्यांनी ते ची फेलीसमोर कबूल केलं आहे आणि फाइल मी उघडली हे कळलं की सगळ्यात आधी तुझ्या नावावरचा ठपका पुसला जाणार आहे. हे तुला अंगणातल्या कोणाकडून ऐकायला लागू नये, आधी माझ्याकडून कळावं, एवढाच माझा हट्ट. चाक सलेहची लॉरी रविवारी दुपारी प्रिगीहून परत निघेल, सोमवारी पहाटे मुंचारला पोचेल, आणि त्याच्या शेजारची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. मात्र माझ्या नुसत्या अक्षरावर विश्वास ठेवून गाडीत बसू नकोस. माझ्या नावाने आजकाल कोणीही काहीही लिहील. आधी शेजाऱ्यांच्या फोनवरून कँटीनच्या जुन्या नंबरावर फोन कर, जो तुला नऊ वर्षं पाठ आहे. रविवारी सकाळपासून मी फोनपाशीच बसलेली असेन. मला विचार, पहिल्या दिवशी कापणीच्या टेबलावर मी तुझ्या कानात काय म्हटलं होतं. उत्तर बरोबर आलं तर मी ती मीच. मग यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी सोमवारी सातला पुन्हा फोन लाव. पाइनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरेल. यावेळी घंटा तुला ऐकू येईल.

तुझीच,
बू रुकायाह